लिनक्सचा डेस्कटॉप गोठला की पॉवर बटण दाबायचे का?

टर्मिनलवासी: ‘पडदा गोठला की पॉवर बटण दाबून धरा, एक्स्ट-४ला जर्नल आहे, काही बिघडत नाही’ असा सल्ला काल येथे दिला गेला आणि कोणीही हरकत घेतली नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. एक्स्ट-४ म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची लिनक्सची पद्धत (फाइलप्रणाली) आणि जर्नल म्हणजे तिच्या बदलांची आगाऊ नोंद. हे जर्नल सांभाळते ती फाइलप्रणालीची रचना. ‘सेव्ह’ केलेला मजकूर लिनक्समध्ये तीसेक सेकंद मेमरीतच पडून असू शकतो. शिवाय पडदा गोठला म्हणजे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, गोठला असे नव्हे. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून केवळ मजकुराच्या पडद्यावर लॉगिन करावे, ‘टॉप’ या कमांडने दिसणाऱ्या यादीत अडून बसलेली प्रोसेस (चालू प्रोग्राम) शोधून ती ‘किल’ने संपवावी. तेवढ्याने भागले नाही तरच मशीन रीतसर रीबूट करणारी ‘सिस्टमसीटीएल रीबूट’ ही कमांड द्यावी.

रूटबाबा: सल्ला माझा होता. तुमची कमांड दिल्यावर एखादी सेवा (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) अडली की ९० सेकंद ‘ए स्टॉप जॉब इज रनिंग’ पाहत बसावे लागते, ते आपण का गाळलेत? सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीने हा जाच लादला आहे. दुकानातले बिलिंगचे मशीन मी कित्येक वर्षे बटणानेच बंद करतो. एकही बिल गेलेले नाही.

डेमनपालक: तुमचे बिल गेले नाही, म्हणून इतरांचा डेटा पणाला लावू नका. ते ९० सेकंद सिगटर्म (‘आवरून बंद हो’ हा संदेश) मिळाल्यावर डेटाबेसला आवरायला दिलेले असतात. त्यानंतरच सक्तीने संपवणारा सिगकिल येतो. माझ्या एका ग्राहकाकडे असेच बटण दाबल्यावर मायएसक्यूएल या डेटाबेसची मायआयसॅम प्रकारची टेबले बिघडली आणि दुरुस्तीत रात्र गेली. वाट पाहणे असह्य होत असेल, तर अडणाऱ्या त्या एका सेवेचीच मुदत कमी करा. टर्मिनलवासींनाही एक सांगायचे आहे: डेस्कटॉप नीट चालत असेल, तर मेनूतूनच रीस्टार्ट करावे, कारण कमांडने एक्स सर्व्हर (पडद्यावर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम) बंद पडला की त्याला जोडलेले प्रोग्राम ‘सेव्ह करायचे का’ हे न विचारताच संपतात. फ्रीबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या प्रणालीच्या अनेक आवृत्त्यांत तर नुसते ‘रीबूट’ सेवा बंद करणाऱ्या स्क्रिप्ट चालवतच नाही. तेथे ‘शटडाउन -आर नाऊ’ लागते.

रूटबाबा: मेनूचे पटते, पण मला बेजबाबदार ठरवण्याचे कारण नव्हते. कंट्रोल-ऑल्ट-एफ३लाही मशीन दाद देत नसेल, तर काय करावे?

टर्मिनलवासी: दुसऱ्या मशीनवरून एसएसएच करून, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, पाहावे. तेही जमले नाही, तर ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन दाबून ठेवून एस, यू, बी ही अक्षरे थोड्या थोड्या अंतराने दाबावीत: डेटा डिस्कवर उतरतो, डिस्क केवळ वाचनासाठी माउंट होते आणि मग मशीन रीबूट होते. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात सिसआरक्यूची (यांपैकी कोणती अक्षरे चालावीत हे ठरवणाऱ्या सेटिंगची) मूळ किंमत १७६ असल्याने ही तीन अक्षरे चालतात. यांच्या आधी दाबायला अनेकदा सांगितली जाणारी आर, ई, आय चालत नाहीत.

रूटबाबा: एस-यू-बी मान्य. ९० सेकंदांबद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही.