मदत हवी आहे: कांद्याची आवक आणि भाव यांचा सहसंबंध उलटा येतोय

वैशाखी: एम.ए. अर्थशास्त्राचा प्रकल्प शुक्रवारी द्यायचाय. रोजची आवक आणि भाव घेऊन एक्सेलमध्ये सहसंबंध (−१ ते +१ मधला आकडा; ऋण म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं) काढला, तर +०.५८ येतोय. आवक वाढली की भाव पडायला हवा ना? सूत्र बरोबर आहे. याचा अर्थ काय लिहू? प्लीज लवकर सांगा.

मळेकरी: लाल कांदा की उन्हाळ (उन्हाळ्यात निघणारा, साठवणीचा)? भाव कमाल की सर्वसाधारण? वर्ष कोणतं? काहीच न सांगता काय सांगणार ताई?

आकडेशास्त्री: एक्सेल सोडा, आर ही सांख्यिकीची संगणकभाषा शिका. फुकट आहे.

वैशाखी: सर्वसाधारण भाव, २०२३ आणि २०२४, सगळा कांदा एकत्र. नवीन काही शिकायला वेळ नाही.

गुरुजी६१: सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे आधी लिहा.

वैशाखी: ते माहीत आहे हो सर. माझं चिन्हच उलटं येतंय.

आकडेशास्त्री: मग पिअरसन (एक्सेलचा नेहमीचा सहसंबंध) नको, स्पिअरमन वापरा, तो आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांकांवरून काढतात. टोकाच्या आकड्यांचा त्रास होत नाही.

सुलभा_का: घाई नको. वैशाखी, दोन्ही रकान्यांचं किमान मूल्य बघ. भावाची सरासरी मध्यकापेक्षा (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या भावापेक्षा) खूप कमी आहे का?

वैशाखी: हो, बरीच कमी. किमान दोन्हीकडे ०.

सुलभा_का: शून्य रुपये क्विंटलने कांदा कोण विकतो? रविवारी, सणाला लिलाव बंद असतात, तिथे तू शून्य भरलंयस. छोटं उदाहरण घे. आवक १०, १२, १४, १६ हजार क्विंटल, भाव २०००, १८००, १९००, १६००. सहसंबंध −०.८३. यात एकच सुट्टीचा दिवस ०, ० म्हणून घाल, लगेच +०.८७! भावाची सरासरीही १८२५ वरून १४६० वर येते. ते कप्पे रिकामे ठेव. एक्सेल रिकामा कप्पा सोडून देतं, शून्य मात्र मोजतं.

आकडेशास्त्री: म्हणूनच स्पिअरमन म्हणत होतो.

सुलभा_का: त्यानेही सुटत नाही. शून्याला दोन्हीकडे तळाचाच क्रमांक मिळतो. याच उदाहरणात −०.८ चं +०.१ होतं. आधी विखुरण आलेख (दर दिवसाचा एक ठिपका, आडवी आवक, उभा भाव) काढायचा, मग सहसंबंधाचा गुणांक. अँस्कम या सांख्यिकीतज्ज्ञाने १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच दिले, चारींचा सहसंबंध ०.८१६, आणि आलेख चार तऱ्हेचे.

मळेकरी: आलेख काढा नाहीतर काहीही करा, ही दोन वर्षं एकत्र करून चालणारच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात निर्यातबंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. भाव आवकेने पडला की सरकारने पाडला, हे तुमचा एक आकडा सांगणार आहे का? शिवाय भाव चढला की आम्हीच चाळ (कांदा साठवायची शेड) फोडून माल आणतो. तेव्हा आवक आणि भाव दोन्ही वर जातात.

रानपाखरू: चाळीत कांदा सडू नये म्हणून काय करता दादा? आमचा निम्मा गेला.

मळेकरी: काढणीनंतर पातीसकट सुकवता का? खालून हवा खेळते का?

वैशाखी: शून्यं काढली. आता −०.२१ आलं. "कमकुवत ऋण सहसंबंध" लिहून चालेल का?

सुलभा_का: लाल आणि उन्हाळ वेगळे कर, बंदीचे महिने वेगळे कर, तिन्हींचे आलेख टाक. त्याआधी "कमकुवत" लिहू नकोस.

गुरुजी६१: आणि प्रमाण विचलनात भागाकार एन (नोंदींची संख्या) उणे एकने केलाय ना?