मदत हवी आहे : हाइंकेल १७७ च्या आगींचे मूळ कोणते मानावे?

सप्रेम नमस्कार.

मी पदविकेच्या विद्यार्थ्यांना यंत्र-आरेखन शिकवतो. पुढच्या सत्रातील दोन तास दुसऱ्या महायुद्धातील हाइंकेल १७७ या जर्मन बाँबफेकी विमानासाठी राखून ठेवले आहेत आणि त्यांच्याच तयारीत एका जागी अडलो आहे.

हे विमान दिसायला दोन इंजिनांचे असले, तरी प्रत्येक पंख्यामागे (प्रोपेलरमागे) डाइम्लर-बेन्झची दोन डीबी ६०१ इंजिने शेजारी शेजारी बसवून एकाच गिअरबॉक्सला जोडलेली होती. एवढ्या अवजड विमानानेही सूर मारून बाँब टाकावेत असा हवाई मंत्रालयाचा आग्रह असल्यामुळे हवेचा अवरोध कमी ठेवणारी ही जोडणी पसंत केली गेली. १९ नोव्हेंबर १९३९ रोजी झालेले पहिलेच उड्डाण इंजिने तापल्याने सुमारे १२ मिनिटांत आवरते घ्यावे लागले.

फळ्यावर काढायचा आडवा छेद कागदावर उतरवू लागलो, तेव्हा खरी अडचण डोळ्यांसमोर आली. सिलिंडर खाली लोंबणाऱ्या दोन व्ही-इंजिनांच्या (ज्यांत सिलिंडरांच्या दोन रांगा व्ही आकारात असतात) आतल्या रांगा एकमेकींना जवळजवळ समांतर उभ्या राहतात आणि त्या दोघींचा धूर एकाच सामाईक एक्झॉस्ट नळीतून बाहेर जातो. ही नळी प्रचंड तापे, खाली इंजिनांभोवतीच्या कवचाच्या तळाशी ठिबकलेले तेल साचलेले असे, आणि त्यातच इंजिन व पंखाचा मुख्य कणा यांच्यामध्ये फायरवॉल, म्हणजे आग पलीकडे पसरू न देणारी भिंत, नव्हती. भरीस भर म्हणजे उंचीवर तेलाला फेस येऊन बेअरिंगे कोरडी पडत.

माझे मत असे आहे की दोष इंजिने जोडण्याच्या कल्पनेपेक्षा जागेच्या टंचाईचा अधिक होता, कारण हेच डीबी ६०१ मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानात चांगले चालत होते आणि हाइंकेलच्याही नंतरच्या मालिकेत इंजिने २० सेंटिमीटर पुढे सरकवल्यावर आगी कमी झाल्या. सूर मारण्याची अट १९४२ च्या सप्टेंबरमध्ये रद्द झाली खरी, पण तोवर आराखडा त्या अटीभोवतीच बांधला गेला होता, याची मला फार हळहळ वाटते.

आपल्यापैकी कोणी विमानांच्या देखभालीत काम केले असेल, तर दोन गोष्टी कृपया सांगाव्यात. सांडलेले तेल कवचातून बाहेर काढण्याची सोय प्रत्यक्षात कशी करतात? आणि हाताला पाना फिरवता येईल एवढी जागाच नसेल, तर गळती वेळेवर ध्यानात येते का? माझ्या आकृतीत तेलाच्या नळ्या नेमक्या त्याच अडगळीत जात आहेत.