पाव तासाची चूक, महिनाभराची वसुली: घरगुती बिलात मागणी आकार हवाच कशाला?

उंबरठा (धागा काढणारा):
नव्या दरपत्रकानंतर आमच्या बिलात 'मागणी आकार' अशी एक ओळ उगवली. युनिटं २४०, म्हणजे नेहमीपेक्षा कमीच, तरी बिल फुगलेलं. खोदून विचारल्यावर कळलं की मीटर दर पाव तासाची सरासरी मागणी टिपतो. महिनाअखेर त्यातली सगळ्यात मोठी निवडायची आणि तिच्यावर किलोवॅटमागे पैसे लावायचे.

आमचा आकडा ५.८ किलोवॅट. रविवार, सकाळी सव्वानऊ ते साडेनऊ. घरात पाहुणे, गिझर चालू, एसी चालू, इंडक्शन शेगडी पेटलेली आणि त्यातच मी इस्त्री काढली. तीस दिवसांत २८८० पाव तास असतात. २८७९ वेळा शहाण्यासारखं वागलो त्याचं काहीच नाही, एकदा चुकलो ते मात्र बिलावर. युनिट वाचवा म्हणून आयुष्यभर सांगितलं आणि आता मोजताहेत भलतंच. कारखान्यांना लावा की, त्यांच्याकडे त्यासाठी माणूस नेमलेला असतो. घराला हा आकार नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे.

फेज_न्यूट्रल:
मत स्पष्ट आहे, पण अर्धंच. युनिट म्हणजे किती वीज वापरली, किलोवॅट म्हणजे एका वेळी किती ओढली. टाकीत किती पाणी भरलं आणि नळ किती मोठा लागला, या दोन वेगळ्या गोष्टी.

तुमची २४० युनिटं ७२० तासांत वाटली तर सरासरी येते जेमतेम ०.३३ किलोवॅट. शेजारच्या घरातही २४०च युनिटं, पण त्यांची मागणी कधी दीडच्या वर जात नाही असं समजा. तुमच्यासाठी केबल, फ्यूज, ट्रान्सफॉर्मरमधली जागा ५.८ची राखायची आणि खर्च मात्र युनिटांवर सारखा वाटायचा? म्हणजे तुमच्या रविवारचे पैसे शेजाऱ्याने भरायचे. तार सरासरीने तापत नाही हो.

आणि ही काही आजची टूम नाही. जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८९२ साली हेच मांडलं होतं: वीज पुरवण्याच्या खर्चाचा मोठा भाग 'तयार राहण्याचा' असतो, गिऱ्हाइकाने वापरो न वापरो. मग ब्रायटनच्या आर्थर राइटने कमाल मागणी दाखवणारं यंत्र केलं. ते उष्णतेवर चालायचं, त्यामुळे क्षणभराच्या उसळीला ते दाद देत नसे. आजच्या मीटरमधली पाव तासाची सरासरी त्याच जातीची.

उंबरठा:
इतिहास छान, पण मुद्दा निसटला. रविवारी सव्वानऊला विजेच्या सगळ्या जाळ्यावर ताण होता का? माझं शिखर, म्हणजे माझी सगळ्यात मोठी मागणी, माझ्या एकट्याचं. शंभर घरांची शिखरं एकाच पाव तासात येत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणूनच तर शंभर घरांचा ट्रान्सफॉर्मर त्या सगळ्यांच्या कमाल मागणीच्या बेरजेएवढा कधीच बसवत नाहीत! मग बेरीज न करता बांधायचं आणि बिलं मात्र बेरजेने लावायची, हा कुठला न्याय?

फेज_न्यूट्रल:
इथे तुमचं बरोबर आहे, मान्य. तुमच्या घरापर्यंतची केबल तुमच्या शिखरासाठी असते, ट्रान्सफॉर्मर गल्लीच्या शिखरासाठी आणि वीजकेंद्र सगळ्यांच्या. पहिल्या भागापुरता असा आकार ठीक. वरच्या दोन्हींसाठी ताणाच्या ठरावीक तासांतलीच मागणी मोजावी. काही दरपत्रकांत तशी सोय असते. तुमच्यात आहे का ते बघा. पण 'नकोच' हे मला अजूनही पटत नाही.

टायमरवाली:
तुमचं न्यायनिवाड्याचं चालू द्या. तोवर आकडा खाली कसा आणायचा ते सांगते, मी दोन वर्षं हेच करतेय.

आधी गैरसमज. पंपाची मोटर सुरू होताना जो झटका घेते त्याला घाबरू नका. पाच सेकंद ६ किलोवॅट जास्त ओढले तरी ९०० सेकंदांच्या सरासरीत ते ३३ वॅटच दिसतात, एका लहान दिव्याएवढे. तसंच दिवे-पंखे बंद करत फिरून युनिटं वाचतील, मागणी फारशी हलणार नाही. खरे गुन्हेगार तापवणारे: गिझर, इस्त्री, शेगडी, पाणी गरम करणारं वॉशिंग मशीन. आणि एसी.

माझा नियम साधा, दोन तापणाऱ्या वस्तू एका वेळी नाहीत. २५ लिटरच्या गिझरला २० अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण १.१६ युनिट लागतात. २ किलोवॅटची कॉइल ते ३५ मिनिटांत करते, १ किलोवॅटची ७० मिनिटांत. युनिटं तेवढीच, मागणी निम्मी. मी कॉइल बदलून घेतली आणि टायमर पहाटेचा लावला. टाकीचा गिझर असेल तरच हे जमतं. इन्स्टंट गिझरवाल्यांनी आंघोळ आणि स्वयंपाक यांच्या वेळा वेगळ्या कराव्यात, दुसरा मार्ग नाही.

गाडी घरी चार्ज करत असाल तर ३२ अँपिअरचा चार्जर एकटाच सात किलोवॅटच्या वर जातो. १० अँपिअरवर ठेवलात तर २.३. रात्रीच्या आठ तासांत तरी १८ युनिटं गाडीत जातात, रोजच्या फिरण्याला पुरतात.

मीटरचं बटण दाबत गेलं की या महिन्याची कमाल मागणी दिसते, 'एमडी' अशा खुणेने. दर आठवड्याला बघा.

घाईतलासात:
टायमरवाली, सगळं मान्य, पण हे सवड असणाऱ्यांचं शास्त्र आहे. आमच्याकडे चार माणसं सकाळी दीड तासात आंघोळ, डबे, इस्त्री उरकून बाहेर पडतात. भाड्याचं घर, गिझर मालकाचा, कॉइल कोण बदलू देणार? ज्यांना वेळ हलवता येत नाही त्यांनाच हा आकार जास्त लागतो. शिवाय काही ठिकाणी एकदा गाठलेला आकडा पुढचे कित्येक महिने मानगुटीवर बसतो म्हणे. मग सुधारण्यात तरी काय अर्थ?

छतावरचा:
माझी व्यथा वेगळीच. सोलर बसवलं, युनिटं निम्म्यावर आली, मागणी तिथल्या तिथेच. कारण आमचं शिखर संध्याकाळी साडेसातचं. तेव्हा सूर्य कुठे? दिवसासुद्धा बरोबर नको तेव्हा ढग येतो. बॅटरी घेतली तर तो पाव तास कापता येईल, पण तेवढ्यासाठी बॅटरी...

फेज_न्यूट्रल:
@घाईतलासात, चिकटून राहणाऱ्या आकड्याचं समर्थन मीही करणार नाही, निदान घरांसाठी नाही. @छतावरचा, रागावू नका, पण हा आकार नेमकं हेच सांगतोय: साडेसातला तुम्ही जाळ्याकडून पूर्वीइतकंच मागता.

उंबरठा:
टायमरवालींचं ऐकून पाहिलं. इस्त्री रात्री, गिझर पहाटे. २० तारखेपर्यंत एमडी ३.१ होती. २१ला दोन तास वीज गेली. आली तेव्हा दोन्ही एसी, गिझर, फ्रिज, पंप सगळे एकदम जागे. ४.९! आता सांगा, हा पाव तास माझा की वीज घालवणाऱ्यांचा?

फेज_न्यूट्रल:
वीज गेली की गिझर आणि एसीची बटणं बंद करायची, आल्यावर एकेक लावायची. पण तुम्ही घरात नसाल तर काय, याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमची लेखी तक्रार रास्त ठरेल. वीज गेल्या-आल्याची वेळ मीटरमध्ये नोंदलेली असते, ती मागून घ्या.