मदत हवी आहे: फँटम वन चढावर गरम होऊन बंद पडते

नमस्कार मंडळी,

मामांकडे १९२७ ची रोल्स-रॉइस फँटम वन आहे. सहा सिलिंडर, ७६६८ सीसी. सकाळी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून निघाली की झकास चालते. ऊन तापल्यावर वर्धा रोडच्या पुलावर चढवली की आधी दचके, मग ठप्प. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की काही झालंच नाही अशी सुरू होते.

इथल्या मिस्त्रींनी बघताक्षणी सांगितलं, "कॉइल गेली." मला पटत नाही. या गाडीत दर सिलिंडरला दोन प्लग आहेत, एकाला कॉइलची ठिणगी, दुसऱ्याला मॅग्नेटोची (इंजिनाच्या फिरण्यावर स्वतःच वीज तयार करणारं यंत्र). नुसती कॉइल तापून मेली, तर मॅग्नेटोवर गाडी जरा मरगळून का होईना, चालायलाच हवी. मी दचके सुरू असताना कॉइल-मॅग्नेटोचा स्विच आलटूनपालटून फिरवला, फरक शून्य. बंद पडल्यावर फ्लोट चेंबरचं (कार्ब्युरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी) झाकण उघडलं, तर आत नुसती ओल.

म्हणजे ऑटोव्हॅक (टाकीतून पेट्रोल ओढून आणणारं भांडं) ना? की पेट्रोलची वाफ होते आहे? कुठून सुरुवात करू?

जुनं_गॅरेज:
दादा, कॉइलवर पैसे घालू नका. ऑटोव्हॅक मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो तो इंजिनाच्या मॅनिफोल्डमधल्या (हवा-पेट्रोल आत नेणारी नळी) ओढीवर. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला की ती ओढच पडते, आणि मग त्याच्या खालच्या कप्प्यात साठलेलं पेट्रोल जेवढं पुरेल तेवढीच गाडी चालते. त्याच्या झाकणाखालच्या गॅस्केटमधून (फट बंद करणारी पट्टी) हवा शिरत असेल तर पाहायलाच नको.

पुढच्या वेळी बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला तर हवेचं भोक बुजलंय, एवढ्यावरच भागेल. नाही आला तर ऑटोव्हॅकच्या डोक्यावरचा प्लग काढून वरून पेट्रोल भरा, पण एक्झॉस्ट थंड झाल्यावरच हं! लगेच सुरू झाली तर कार्ब्युरेटर निर्दोष.

धरमपेठकर:
वाफेचा मुद्दा सोडू नका. नागपूरचा मे, त्यात पंपावरचं ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल ७८ अंशांनाच उकळतं, शिवाय टाकीतला जुना चिकट थर सुटून गाळणीत येऊन बसतो. गाळणी आधी बघा. मग पहाटे थंडाव्यात त्याच पुलावर थ्रॉटल दाबून चढवा. तेव्हाही बंद पडली तर उन्हाला दोष नका देऊ.

मूळ प्रश्नकर्ता:
धन्यवाद! टाकीच्या झाकणाचा फुस्स काही आला नाही. गाळणीत मात्र तपकिरी चिखल होता, साफ केला. तरी पहाटे पुलाच्या माथ्यावर गाडी दचकलीच, म्हणून काल ऑटोव्हॅक उघडला. गॅस्केट वाळून कडक झालंय, एका बाजूला चीरही आहे.

आता नवीन कापायचं तर कॉर्कचं कापू की इथेनॉल सोसणाऱ्या फायबरचं? आणि असा शीट नागपुरात कुठे मिळेल?