कांदा, बटाटा, लसूण: टेबलं चार की एकच?

प्रश्न (कळवाकर):
वाशीच्या एपीएमसीत मामांचा कांदा-बटाट्याचा गाळा आहे. त्यांच्यासाठी आवक आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचं (विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्यांचं) सॉफ्टवेअर लिहितोय, बरंचसं ठाणे-वाशी लोकलमध्येच. जावा, हायबरनेट (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसात ठेवणारी लायब्ररी), पोस्टग्रेस (डेटाबेस).

मूळ क्लास ‘आवक’: तारीख, गाडी नंबर, शेतकरी, गोण्या, वजन, भाव. त्याचा वारसा घेणारे तीन क्लास. कांद्याला प्रत (गोल्टी म्हणजे बारीक कांदा, वगैरे), बटाट्याला शीतगृहाच्या पावतीचा नंबर, लसणाला गड्डीचा आकार. जॉइंड पद्धत घेतली, म्हणजे मूळ क्लासचं एक आणि तिन्ही प्रकारांचं एकेक, एकूण चार टेबलं. दिसतं देखणं, पण दिवसाची यादी उघडायला ९ सेकंद! शिवाय मेहताजींनी (गाळ्यावरच्या हिशोबनिसांनी) बटाट्याची गाडी कांद्यात टाकली की दुरुस्त कशी करायची, कळत नाही. सिंगल टेबल, म्हणजे सगळं एकाच टेबलात, करू का? रिकामे रकाने बघवत नाहीत.

जुना डीबीए:
‘प्रायमरी की’वर (ओळीच्या ओळख क्रमांकावर) टेबलं जोडणाऱ्या तीन लेफ्ट जॉइननी ९ सेकंद? पटत नाही. तारखेवर इंडेक्स (झटपट शोधायची सूची) आहे का? आधी एक्सप्लेन (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी आज्ञा) चालवा, मग वारसाहक्काला शिव्या घाला.

ऐरोलीहून:
सिंगल टेबलच करा, जेपीएत (हायबरनेट पाळतं त्या जावाच्या मानकात) डीफॉल्टही तेच आहे. पोस्टग्रेसमध्ये नलला (रिकाम्या रकान्याला) जागा जवळपास लागत नाही. कॉलमवर सरसकट नॉट नल (रिकामं चालणार नाही अशी अट) घालता येत नाही हे खरं, पण ‘प्रकार बटाटा असेल तर पावती नंबर हवाच’ असा चेक कन्स्ट्रेंट लावता येतो. प्रत्येक क्लासला वेगळं टेबल मात्र नको: पट्टीची ‘फॉरेन की’ (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा संदर्भ) मग कुठल्या टेबलाकडे बोट दाखवणार?

मेहताजींची चूक हा खरा मुद्दा. एकदा कांदा म्हणून जन्मलेला ऑब्जेक्ट हायबरनेट बटाटा करत नाही. सिंगल टेबलात थेट एसक्यूएलने डीटाइप (ओळ कुठल्या क्लासची ते सांगणारा कॉलम) बदलता येतो. जॉइंडमध्ये एका टेबलातून ओळ काढून दुसऱ्यात घालावी लागते.

जुना डीबीए:
मुळात तिघांचा हिशोब वेगळा होतो का? हमाली, तोलाई, अडत? नसेल तर क्लास कशाला? एक ‘प्रकार’ कॉलम पुरे.

कळवाकर:
इंडेक्स नव्हताच, लाज वाटली. आता यादी सेकंदाच्या आत येते. मामांना विचारलं: हमाली तिन्हींना गोणीवरच, बाकी हिशोबही तोच. तिन्ही क्लास उडवले, ‘प्रकार’ साधा एनम (ठरावीक पर्यायांची यादी) केला, चेक लावला. मेहताजी आता ड्रॉपडाउन बदलतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात. गोल्टीच्या रकान्याला ‘प्रत’ म्हणायचं की ‘साइज’, यावर त्यांचं नि मामांचं अजून जुळलेलं नाही.