तिकोनी शाल मराठीत विणताना: क्रोशा, खांब, वीण वगैरे

धागा काढतेय आणि विषयही धागाच आहे, त्यामुळे शीर्षकातले विनोद आधीच करून झालेत असं समजा. माझ्या मावशीला तिकोनी शाल करायचीय, क्रोशाची. तिचा हात माझ्यापेक्षा शंभरपट चांगला आहे पण इंग्रजी पॅटर्नमधले ते तुकड्या-तुकड्यांचे शॉर्टफॉर्म तिला वाचायचे नाहीयेत, म्हणाली तू मराठीत लिहून दे. मी आनंदाने बसले आणि पहिल्याच ओळीत अडकले. क्रोशा की क्रोशे? 'क्रोश्याची सुई' लिहायचं की 'क्रोशाची'? की सरळ हुक? आणि पॅटर्नमध्ये शालीचं वर्णन आहे, 'कूलर वेदर'साठी 'कोझी' शाल, त्यातल्या 'कोझी'ला काय म्हणू? उबदार म्हटलं तर स्वेटरची जाहिरात वाटते. जाणकारांनी मदत करा, घाई नाहीये, थंडी यायला वेळ आहे.

———

'क्रोशाची' बरोबर. मासा-माशाचा, नकाशा-नकाशाचा, तसंच क्रोशा-क्रोशाचा. श मध्ये तो य आधीच विरघळलेला असतो, 'क्रोश्या' लिहून त्याला परत बाहेर काढायची गरज नाही. आणि 'क्रोशे' म्हणायचं असेल तर तो मूळ फ्रेंच उच्चार, मग रूप बदलायचंच नाही, क्रोशेची सुई, क्रोशेचा रुमाल. दोन्ही चालतं, फक्त एका पानावर दोन्ही नको.

फ्रेंचमध्ये 'क्रो' म्हणजे आकडा, वाकडं टोक असलेली वस्तू, आणि क्रोशे म्हणजे छोटा आकडा. म्हणजे हत्याराचं नाव कामाला पडलं. गंमत बघा, आपला 'आकडा' हा शब्द हुक आणि संख्या या दोन्हींना आहे, संस्कृत 'अंक' शब्दातही वाकडेपणा आणि संख्येची खूण हे दोन्ही अर्थ आहेत. हातात आकडा आणि तोंडात आकडे, क्रोशा करणाऱ्या कुणाहीकडे बघा, याहून नेमकं वर्णन नाही. तुम्ही मध्येच 'चहा घेणार का' विचारलं तर उत्तर येतं 'सत्तेचाळीस'.

———

सुईच म्हणा हो. टोक वाकडं असलं तरी घरात सगळ्यांनी सुईच म्हटलंय. 'क्रोशाची सुई, साडेपाच मिमी.' हुक म्हटलं की मला ब्लाऊजचा आठवतो.

———

मूळ शंका वेगळीच असायला हवी होती असं माझं मत. आपण 'विणणे' हे एकच क्रियापद किती ठिकाणी वापरतो! मागावर कापड विणतात, दोन सुयांवर स्वेटर विणतात, क्रोशाने शाल विणतात, टोपली विणतात, खाट विणतात, कोळीही जाळं विणतो. करायच्या पद्धती मात्र सगळ्या वेगळ्या. मागावर उभे-आडवे धागे एकमेकांखालून-वरून जातात, फासे नसतातच. दोन सुयांच्या विणकामात आख्खी ओळ सुईवर जिवंत असते, शंभर टाके म्हणजे शंभर उघडे फासे, एक निसटला की शिडीसारखा खाली ओघळत जातो. क्रोशात कुठल्याही क्षणी जिवंत फास एकच. सुई काढून ठेवा, फोन घ्या, परत या, तो एक फास तेवढा सांभाळला की झालं.

म्हणून लिहिताना 'क्रोशाने विणणे' असं पूर्ण लिहावं. नुसतं 'शाल विणली' लिहिलंत तर वाचणारी दोन सुया घेऊन बसेल.

———

आणि उसवणे! विणण्याएवढंच महत्त्वाचं क्रियापद, त्याला कुणी विचारत नाही. शिवण उसवते ती आपोआप, नकोशी. क्रोशात मात्र आपण मुद्दाम उसवतो, 'कालच्या चार ओळी उसवल्या' हे निम्म्या संध्याकाळींचं उत्तर असतं. हिंदीत उधेड़बुन असा फार छान शब्द आहे, उसवायचं-विणायचं-उसवायचं, मनातल्या घालमेलीसाठी. आपल्याकडे तसा जोडशब्द का नाही झाला याचं मला खरंच वाईट वाटतं. 'वीण' मात्र आपण भरपूर वापरली, नात्यांची वीण, कथेची वीण, आणि ती कायम 'घट्ट'च असते. शालीची वीण घट्ट झाली तर शाल वाया गेली हो! ती सैलच हवी, खांद्यावरून ओघळली पाहिजे, म्हणून तर धाग्याला लागते त्याहून एक नंबर मोठी सुई घ्यायची.

———

(धागा काढणारी) वा, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. आता टाक्यांच्या नावांचं सांगा. मावशी साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब असं म्हणते. मी मुका खांब पहिल्यांदा ऐकला तेव्हा शाळकरी होते आणि जे हसायचं ते हसून घेतलं. पण पॅटर्नमध्ये 'डबल क्रोशे' लिहिलंय, त्याला मुका लिहू की नुसता खांब?

———

थांब!! आधी पॅटर्न अमेरिकन आहे की ब्रिटिश ते बघ. यावर माझा एक आख्खा हिवाळा गेलाय.

शब्द एक, टाके दोन. अमेरिकेत जो सिंगल क्रोशे तो ब्रिटनमध्ये डबल. अमेरिकेत जो डबल तो तिकडे ट्रेबल. ब्रिटिश नाव सुईवर किती फासे आहेत ते मोजल्यासारखं वाटतं, अमेरिकन नाव ते फासे किती वेळा ओढून सोडवले ते. मुका खांब करून बघ, सुई टाक्यात घातली, धागा ओढून आणला की सुईवर फासे दोन, आणि परत धागा घेऊन दोन्हीतून एकदाच बाहेर. म्हणजे दोनही खरं, एकही खरं. खांबाला आधी सुईवर धागा घ्यायचा, मग टाक्यात घालून ओढून आणायचा, सुईवर तीन, मग दोन-दोन करत दोनदा सोडवायचं. तीन आणि दोन. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि मधे आपण मेलो.

मी अमेरिकन पॅटर्नमधला डबल ब्रिटिश समजून केला, म्हणजे सगळीकडे मुका खांब. पंधरा ओळी झाल्यावर जे तयार झालं ते अंगाखांद्यावर कुठेही बसेना, टेबलावर ठेवलं तर उभं राहील इतकं ताठ. घरच्यांनी विचारलं पायपुसणं का गं इतक्या महागाच्या लोकरीचं. आजही ते बाथरूमबाहेर आहे आणि पाय छान पुसतं.

———

म्हणूनच मला आपली नावं जास्त शहाणी वाटतात. ती मोजत नाहीत, दिसतं ते सांगतात. साखळी साखळीसारखी दिसते. खांब उभा असतो, दोन खांबांच्या मधून उजेड दिसतो. अर्धा खांब त्याच्याहून बुटका. 'मुका' कशावरून पडलं असेल ते असो, मला तरी मुका मार आठवतो, वर काही दिसत नाही, आत सगळं बंद. त्या टाक्यात तसंच, फट नाही, उंची नाही. मावशीला 'खांब' लिहिलंस की तिला डोळ्यासमोर उंची येणार, अमेरिका-ब्रिटन मधे येतच नाही. ओळीच्या सुरुवातीला उंची गाठायला साखळ्या घालतो ना, मुक्याला १, अर्ध्याला २, खांबाला ३, ते कोष्टक एकदा वर लिहून टाक, म्हणजे नावावरून भांडण झालंच तर साखळ्या मोजून निकाल लागेल.

———

एक शंका. शाल तिकोनी कशी असेल? शाल म्हणजे लांब-रुंद, चौकोनी वस्त्र. फारसीतून आलेला शब्द, इंग्रजांनीही तिकडूनच उचलला. तिकोनी असेल तर तिला रुमाल किंवा स्कार्फ म्हणावं. शब्दचर्चा आहे म्हणून सांगितलं, राग नसावा.

———

राग कसला काका, शालीच्या धाग्यावर शालजोडीतले येणारच होते 😄

पण चौकोन दुमडून कर्णावर तिकोनी करूनच तर पांघरतो आपण बऱ्याचदा. ही शाल म्हणजे त्या चौकोनाचा अर्धा भाग, आतला न दिसणारा थर विणायचे कष्ट वाचवलेले. म्हणूनच हिचा वरचा काठ मधल्या उंचीच्या दुप्पट असतो. पाठीवर ७५ सेंमी उतरली तर हाताच्या टोकापासून टोकापर्यंत दीड मीटर. आणि पांघरली जाते ती शाल, एवढं मला पुरे आहे. पांघरणे हा शब्दही 'प्रावरण'वरून आलाय, झाकणं, वेढणं. त्यात कोन किती ते कुणी विचारलेलं नाही.

———

'कोझी'बद्दल कुणीच बोललं नाही. उबदार वाईट नाहीये हो, जाहिरातींनी झिजवलाय इतकंच (आणि लिहिताना ऊब दीर्घ, उबदार ऱ्हस्व, हे जाता जाता). माझ्या आजीचा शब्द होता उबारा. 'जरा उबारा येऊ दे अंगात.' उबदार हा कपड्याचा गुण आहे, उबारा आपल्याला येतो. कोझीमध्ये ते दुसरं जास्त आहे. उबट मात्र चुकून लिहू नका, तो पेटीत दमट राहिलेल्या शालीचा वास.

आणि 'कूलर वेदर'ला थंडी लिहू नये असं मला वाटतं. गारवा वेगळा, गारठा वेगळा. गारवा हवासा असतो, गारठा हाडात जातो. खांबांची ही शाल जाळीदार असते, गारव्याला एकदम योग्य. गारठ्यात तिच्या प्रत्येक भोकातून वारा येऊन विचारपूस करून जाईल.

———

धाग्याबद्दलही एक. आपण अॅक्रिलिकलाही बिनदिक्कत लोकर म्हणतो. बोलायला ठीक, पण पॅटर्नमध्ये फरक पडतो. खरी लोकर ओली करून, ताणून, टाचण्या लावून वाळवली की तो आकार धरून ठेवते, जाळी उघडते, टोकं अणकुचीदार होतात. अॅक्रिलिक पाण्याला दाद देत नाही, आणि इस्त्री टेकवली तर वितळतं. तेव्हा 'लोकर ताणून वाळवा' असं लिहिलंस तर लोकर म्हणजे लोकरच ते सांग, बाकी सगळीकडे 'धागा' लिही.

आणि सुरुवातीची गाठ 'सरगाठ' लिही, ओढली की सरकणारी. शेवटची निरगाठ. इतके चपखल शब्द घरात असताना लोक 'स्लिप नॉट' लिहितात तेव्हा माझा जीव जातो.

———

'ओळ' आणि 'फेरी' पण वेगळे ठेवा प्लीज. फेरी गोल जाते आणि सुरुवातीला येऊन मिळते, रुमालाला फेऱ्या. शालीला ओळी, शेवटाला पोचलं की काम उलटवायचं आणि परत यायचं. फेरी वाचून मी एकदा दोन्ही टोकं जोडून टाकली होती, तिकोनी टोपी झाली.

———

(धागा काढणारी) सगळं घेतलं. हे बघा, जमलंय का:

सरगाठ मारून ४ साखळ्या घाला, पहिल्या साखळीत सुई घालून गोल जोडा. ओळ पहिली: ४ साखळ्या (३ म्हणजे एक खांब, १ अंतराची), गोलात ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब, १ साखळी, शेवटी १ खांब. काम उलटवा. ओळ दुसरी: ४ साखळ्या, कडेच्या जागेत ३ खांबांची जुडी, १ साखळी, मधल्या जागेत जुडी-२ साखळ्या-जुडी, १ साखळी, दुसऱ्या कडेच्या जागेत जुडी, १ साखळी, आणि सुरुवातीच्या चार साखळ्यांपैकी तिसरीत १ खांब. पुढे असंच, मधे येणाऱ्या प्रत्येक जागेत एक जुडी, दोन जुड्यांमधे १ साखळी.

———

जुडी! कोथिंबिरीची असते तशी. मस्त.

फक्त एक सावधगिरीचं वाक्य घाल. या शालीत ओळीगणिक दोन जुड्या वाढतात. पहिलीत २, दुसरीत ४, तिसाव्या ओळीत ६०. सगळ्या मिळून ३० ओळींत ९३० जुड्या, म्हणजे २७९० खांब. आणि निम्मी शाल कितव्या ओळीला होते? पंधराव्या नाही, एकविसाव्या! २१ ओळींत ४६२ जुड्या, उरलेल्या नऊ ओळींत ४६८. मी हा हिशेब नंतर केला. माझे धाग्याचे दोन गुंडे २१ ओळींत संपले, मी म्हटलं वा, चार गुंड्यांत ४२ होतील, गुडघ्यापर्यंत येईल. चौथा गुंडा तिसाव्या ओळीला संपला. पाचवा आणायला गेले तर तोच रंग पण डाय लॉट, म्हणजे रंगवल्याची खेप, वेगळा, दिवसा उजेडी पट्टा दिसतो. तो पट्टा मी आता 'काठ' आहे म्हणून सांगते.

———

मधल्या जागेला नाव द्यायला हवं. 'मधली जागा' लिहून वाचणारी गोंधळेल, जागा तर प्रत्येक दोन जुड्यांत आहे. ती वरून खालपर्यंत जाणारी जी रेघ होते तिला इंग्रजीत पाठीचा कणा म्हणतात. कणा लिहावं का?

———

(धागा काढणारी) मावशीला फोन केला. कणा म्हटल्यावर म्हणाली, कसला कणा, भांग म्हण की. दोन्ही बाजूंना सारखे केस, मधे सरळ रेघ. मी लगेच तसं बदललं, 'भांगात जुडी-२ साखळ्या-जुडी'. तिने वाट न बघता सुरूही केलीये, सात ओळी झाल्यात, फोटो पाठवला. मी झूम करून मोजलं, सातव्या ओळीत भांगाच्या डावीकडे सात जुड्या आहेत आणि उजवीकडे सहा. सांगितलं तर म्हणाली, अगं चौथ्या ओळीत भांग वाकडा पडलाय, फोन ठेव, उसवते.