‘रिकन्सायलिंग’ मंडळी: समावेशक की समेट करणारी?

अनुवादक: अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये समलिंगी स्त्रीपुरुषांना स्थान मिळावे म्हणून अर्धशतक चाललेल्या झगड्यावरील एका लेखाचे भाषांतर मी करीत आहे. १९८४ पासून त्या चर्चमधील काही स्थानिक मंडळ्या समलिंगी व्यक्तींचे उघड स्वागत करू लागल्या आणि स्वतःस ‘रिकन्सायलिंग काँग्रेगेशन’ म्हणवू लागल्या. मी ‘समावेशक मंडळी’ असे लिहिले आहे, परंतु त्यात काहीतरी निसटते आहे असे वाटते. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

नगरकर: निसटते आहे ते भांडण. ‘समावेशक’ हा शब्द परिपत्रकातला आहे; त्यात कोणी कोणाला दुखावलेले नसते. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, आपल्याला शब्द तयार मिळतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल ज्या सेवेविषयी बोलतो, ती इंग्रजीत ‘मिनिस्ट्री ऑफ रिकन्सिलिएशन’ आणि मराठीत समेटाची सेवा आहे, आणि आमच्या नगरकडच्या उपदेशांत तो शब्द लहानपणापासून कानांवर पडलेला आहे. समेट करायचा तर आधी बिनसलेले असावे लागते, आणि येथे ते कधी बिनसले हे ठाऊक आहे. १९७२ साली अटलांटा येथील सर्वसाधारण परिषदेत, म्हणजे चर्चचे नियम ठरवणाऱ्या सभेत, समलिंगी व्यक्तींनाही पवित्र मोल आहे असे सांगणारा मसुदा आला असता, सभागृहातून आलेल्या दुरुस्तीने त्याच वाक्याला स्वल्पविराम देऊन, समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे, अशी पुस्ती जोडली. मोल मान्य करणारे आणि दार लावणारे शब्द एकाच वाक्यात नांदू लागले. १९८४ साली, म्हणजे या मंडळ्यांनी नाव घेतले त्याच वर्षी, अशा व्यक्तींना पाळकीय दीक्षा देण्यास स्पष्ट बंदी झाली.

शब्दार्थी: अर्थ पटतो, पण दोन अडचणी आहेत. समेट म्हटले की बिगरख्रिस्ती वाचकाला भाऊबंदकीच्या दाव्यातली कोर्टाबाहेरची तडजोड आठवते, म्हणजे थोडे तू सोड, थोडे मी सोडतो. येथे समलिंगी सभासदांनी काय सोडायचे? दुसरी अडचण ‘मंडळी’ची. ख्रिस्ती मराठीत ती एकवचनी स्त्रीलिंगी संस्था आहे, पण इतरांना ‘समेट करणारी मंडळी’ म्हणजे पारावर मध्यस्थी करणारे चार वडीलधारे वाटतील. (जुन्या पुणेरी वळणात तर ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको, ते सोडून देऊ.)

नगरकर: दुसरी अडचण ‘स्थानिक ख्रिस्तमंडळी’ असे लिहून सुटते. पहिलीबाबत मात्र मी समेटच धरून ठेवीन, कारण पौलाच्या समेटात दोन्ही बाजू सारख्या सोडत नाहीत. पुढाकार एकाच बाजूचा असतो. शिवाय काळ पाहावा. अमेरिकेतील लूथरन पंथीयांच्या अशाच उपक्रमाचे सुरुवातीचे नाव ‘रिकन्साइल्ड इन ख्राइस्ट’, म्हणजे ख्रिस्तात समेट झालेल्या, असे होते; तेथे क्रिया पूर्ण झालेली होती. मेथडिस्टांनी अपूर्ण क्रियापद निवडले. म्हणून मराठीत ‘समेट करू पाहणारी’ असे म्हटले तर तो अपुरेपणा टिकेल.

अनुवादक: मनःपूर्वक आभार. आणखी एक शंका आहे. १९८४ च्या बंदीतील ‘सेल्फ-अव्हाउड’ (आपण समलिंगी आहोत असे स्वतः उघड सांगणारी व्यक्ती) या शब्दासाठी मी ‘स्वयंघोषित’ लिहिले आहे. ते चालेल का?

शब्दार्थी: मुळीच नाही. स्वयंघोषित पुढारी, स्वयंघोषित महाराज असे आपण म्हणतो तेव्हा त्यांचा दावा खोटा आहे असेच सुचवतो. येथे दाव्याच्या खरेपणाबद्दल कोणाचीच शंका नव्हती. उलट चर्चच्या कायद्यात सारे वजन उघडपणे सांगण्यावर होते, आणि गप्प राहणाऱ्यावर कारवाई करणे अवघड होते. फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागातील पाळक बेथ स्ट्राउड यांनी २००३ साली आपल्याच मंडळीपुढे उपदेशातून एका स्त्रीबरोबरचे आपले सहजीवन सांगितले, पुढच्या वर्षी चर्चच्या न्यायसभेने त्यांना दोषी ठरवले, आणि मधल्या अपिलात निकाल फिरूनही २००५ मध्ये त्यांचे पाळकपद गेलेच. ‘स्वमुखे सांगणारी’ असे साधे लिहावे. ‘कबूल केलेली’ नको, त्यात गुन्हा आधीच गृहीत धरला जातो.

नगरकर: सहमत. आपल्याकडील मेथडिस्ट चर्च १९८१ पासून स्वायत्त असल्याने त्या परिषदांच्या मतदानात नव्हते, म्हणून या संज्ञांना मराठीत रूढ रूपे मिळालेली नाहीत. जे लिहाल तेच कदाचित पुढे चालेल.

अनुवादक: तर मग पहिल्या उल्लेखात ‘समेट करू पाहणारी स्थानिक ख्रिस्तमंडळी’ आणि पुढे नुसते ‘समेट-मंडळी’ असे ठेवते. लेखाचा शेवट २०२४ च्या शार्लट परिषदेवर आहे. तेथे दीक्षेवरची बंदी ६९२ विरुद्ध ५१ मतांनी उठली, ‘विसंगत’ हा शब्द ५२३ विरुद्ध १६१ मतांनी गेला, आणि त्याच महिन्यात स्ट्राउड यांना पाळकपद परत मिळाले. त्याआधी २०१९ ते २०२३ या काळात अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश मंडळ्या बाहेर पडल्या होत्या. तरीही समेट-मंडळ्यांच्या संघटनेने नावातले अपूर्ण क्रियापद बदललेले नाही, म्हणून मीही ‘करू पाहणारी’ तसेच ठेवते.